कण्यातील भुलेनंतरची डोकेदुखी 'नर्व्ह ब्लॉक'ने उतरते का?

कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून भूल दिल्यानंतर, किंवा तपासणीसाठी पाठीतील पाणी काढल्यानंतर, काही रुग्णांना तीव्र डोकेदुखी जडते. या डोकेदुखीवर 'नर्व्ह ब्लॉक' हा अल्पखर्ची आणि करण्यास सोपा उपचार गेल्या दोन दशकांत पुढे आला असून, त्यावर भारतासह अनेक देशांत चिकित्सालयीन संशोधन झाले आहे. या उपचाराने अनेक रुग्णांना काही मिनिटांतच आराम पडल्याच्या नोंदी आहेत. तथापि, हा आराम औषधामुळे पडतो की अन्य कारणाने, या प्रश्नावर संशोधकांमध्ये अद्याप एकमत झालेले नाही.

हा विषय केवळ भूलतज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण 25.4 टक्के, तर तामिळनाडूत 44.9 टक्के होते. चेन्नईच्या टी. नगरसारख्या गजबजलेल्या पेठेतील प्रसूतिगृह असो की विदर्भातील उपजिल्हा रुग्णालय, नियोजित सिझेरियनसाठी सामान्यतः कण्यातूनच भूल दिली जाते. आई शुद्धीवर राहते, बाळाचे पहिले रडणे तिला ऐकू येते आणि पूर्ण भुलेतील श्वासनलिकेचे धोके टळतात. ही भूल सुरक्षित आहे आणि तिला पर्याय शोधण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्यामागून येणाऱ्या या एका दुखण्याचा.

दुखण्याची ओळख

या डोकेदुखीची खूण सहसा चुकत नाही. रुग्ण उठून बसला किंवा उभा राहिला की थोड्याच वेळात कपाळ आणि मानेचा मागचा भाग ठणकू लागतो आणि आडवे होताच दुखणे ओसरते. जोडीला मान आखडणे, मळमळ, कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे, उजेड सहन न होणे अशी लक्षणे असू शकतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार सुई टोचल्यापासून पाच दिवसांच्या आत हे दुखणे सुरू होते. बहुसंख्य रुग्णांमध्ये ते दोन आठवड्यांत आपोआप थांबते.

दोन आठवडे ही मुदत कागदावर लहान दिसते. ज्या स्त्रीच्या पोटावर ताजे टाके आहेत आणि जिला दर दोन-तीन तासांनी उठून बाळाला पाजायचे आहे, तिच्यासाठी ती लहान नसते. आपल्याकडे बाळंतिणीचे डोके दुखू लागले की 'वारा लागला' असे म्हणून डोक्याला फडके बांधण्याची आणि शेक देण्याची रीत अजूनही अनेक घरांत आहे. त्यात वाईट हेतू काहीच नाही; पण त्यामुळे हे दुखणे कमरेत टोचलेल्या सुईशी जोडलेले आहे ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि डॉक्टरांपर्यंत तक्रार उशिरा पोहोचते. लवकर घरी सोडलेल्या बाळंतिणीचे दुखणे तर अनेकदा घरी पोहोचल्यावरच सुरू होते.

कारण तसे समजण्याजोगे आहे. मेंदू आणि मज्जारज्जू एका स्वच्छ, पातळ द्रवात तरंगत असतात. या मेरुद्रवाभोवती ड्यूरा नावाचे चिवट आवरण असते. सुईने त्याला छिद्र पडले आणि ते लगेच बुजले नाही, तर द्रव बाहेर झिरपू लागतो. आधार कमी झाल्याने, माणूस उभा असताना मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि वेदना जाणवणाऱ्या रचनांवर ताण पडतो. त्याच वेळी कवटीतील कमी झालेल्या द्रवाची जागा भरून काढण्यासाठी रक्तवाहिन्या फुगतात. डोकेदुखीत या दोन्ही गोष्टींचा वाटा असल्याचे मानले जाते. पुढे येणाऱ्या नर्व्ह ब्लॉकचा सारा तर्क यातील दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पहिले रुग्ण डॉक्टरच

या दुखण्याची पहिली सविस्तर नोंद करणारे डॉक्टर स्वतःच त्याचे रुग्ण होते. जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके यांनी 1891 मध्ये कमरेतून मेरुद्रव काढण्याची पद्धत रूढ केली. त्याच शहरात शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी 16 ऑगस्ट 1898 रोजी एका मजुराच्या कण्यात कोकेन टोचून त्याच्या पायावर शस्त्रक्रिया केली. आठच दिवसांनी, 24 ऑगस्टला, बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर करून पाहण्याचे ठरविले.

आधी बिअर यांची पाळी होती. सुई योग्य ठिकाणी पोहोचली, परंतु पिचकारी तिच्यावर नीट बसेना. या खटपटीत बिअर यांचा बराच मेरुद्रव वाहून गेला आणि त्यांच्यावरचा प्रयोग सोडून द्यावा लागला. नंतर हिल्डेब्रांट यांना भूल देण्यात आली आणि ती चढली की नाही हे पाहण्यासाठी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडीने प्रहार करण्यापासून ते पेटत्या सिगारचा चटका देण्यापर्यंत सर्व काही करण्यात आले. हिल्डेब्रांट यांना काहीच जाणवले नाही. संध्याकाळी दोघांनी मद्य आणि सिगार घेत यश साजरे केले.

त्यानंतरचे दिवस मात्र निराळे गेले. उभे राहिले की बिअर यांना डोकेदुखी आणि चक्कर येई आणि आडवे होताच ती नाहीशी होई. नऊ दिवस त्यांना अंथरुणात काढावे लागले. हिल्डेब्रांट यांनाही डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास झाला. आपल्या त्रासाचे कारण वाहून गेलेला द्रव असावा, असा कयास बिअर यांनी 1899 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडला. सव्वाशे वर्षांनंतरही त्या कयासात फारशी दुरुस्ती करावी लागलेली नाही.

रक्ताचे ठिगळ

छिद्रातून द्रव झिरपत असेल तर ते बुजवावे, हा सरळ विचार. सुई टोचताना थोडे रक्त आले तर त्या रुग्णांना डोकेदुखी कमी होते, असे अमेरिकेतील शल्यचिकित्सक जेम्स गॉर्मली यांच्या ध्यानात आले. त्यांनी 1960 मध्ये मोजक्या रुग्णांच्या कण्याच्या आवरणाबाहेर त्यांचेच दोन-तीन मिलिलिटर रक्त टोचले. 1970 मध्ये डिजिओव्हानी आणि डनबार यांनी 10 मिलिलिटर रक्त वापरून ही पद्धत पुढे नेली. तिला 'एपिड्युरल ब्लड पॅच' असे म्हणतात. रक्त गोठून छिद्रावर ठिगळासारखे बसते, तसेच कण्यातील दाब वाढून आरामही लवकर पडतो.

सुरुवातीच्या अहवालांत या पद्धतीला जवळपास खात्रीचे यश मिळाल्याचे म्हटले होते. नंतरच्या काटेकोर अभ्यासांत चित्र अधिक संयत निघाले. अनेक देशांतील 121 बाळंतिणींवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 15, 20 आणि 30 मिलिलिटर रक्ताची तुलना करण्यात आली. त्यात 20 मिलिलिटरचा गट सर्वात चांगला ठरला. तरीही त्या गटातील सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनाच पूर्ण आराम मिळाला. अंशतः आराम मिळालेल्या स्त्रिया धरल्या तर आकडा बराच वाढतो. याखेरीज, या उपचारात कमरेत पुन्हा एकदा, आणि अधिक जाड, सुई टोचावी लागते. एका सुईने झालेल्या दुखण्यावर दुसरी सुई घेण्यास रुग्ण कचरतो, हे स्वाभाविक आहे. अनुभवी भूलतज्ज्ञ, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह आणि देखरेख या गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतीलच असे नाही. नर्व्ह ब्लॉककडे संशोधक वळले ते या अडचणीमुळे.

दोन प्रकारचे ब्लॉक

'ब्लॉक' या शब्दाला मराठीत 'रोध' असा प्रतिशब्द आहे, पण रुग्णालयाच्या दारापलीकडे तो फारसा गेलेला नाही. अर्थ साधा आहे. विशिष्ट मज्जातंतूजवळ बधिर करणारे औषध पोहोचवून त्याचे संदेश काही काळ थांबविणे, म्हणजे ब्लॉक. दात काढण्यापूर्वी दंतवैद्य देतात ते इंजेक्शनही याच जातीचे.

पहिला प्रकार नाकातून केला जातो. नाकाच्या मागील भिंतीपलीकडे स्फेनोपॅलटाइन गँग्लिऑन नावाची मज्जातंतूंची एक लहानशी गाठ असते. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांना फुगण्याचा संदेश देणारे तंतू तिच्यातून जातात. सेंट लुइस येथील वैद्य ग्रीनफिल्ड स्लडर यांनी 1908 मध्येच चेहऱ्याच्या दुखण्यासाठी ही गाठ बधिर करण्याचा उपाय सुचविला होता. आताच्या पद्धतीत लांब काडीला कापूस गुंडाळून तो लिग्नोकेनमध्ये भिजवितात आणि दोन्ही नाकपुड्यांतून मागच्या भिंतीपर्यंत नेऊन काही मिनिटे तेथेच ठेवतात. सुई नाही, चीर नाही. लिग्नोकेन तर देशातील जवळजवळ प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात असतेच.

दुसरा प्रकार डोक्याच्या मागच्या बाजूस, केसांच्या मुळाशी केला जातो. मानेच्या वरच्या मणक्यांतून निघालेली ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह तेथून टाळूकडे चढते. तिच्याजवळ बधिर करणारे औषध, काही वेळा त्यासोबत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड, बारीक सुईने टोचतात. मान आणि डोके यांच्याकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकत्र येतात. त्यांपैकी एका बाजूची आवक थांबविली की दुसऱ्या बाजूच्या दुखण्याचाही जोर कमी होतो, असे यामागील स्पष्टीकरण आहे. अर्धशिशी आणि क्लस्टर डोकेदुखीत हा ब्लॉक पूर्वीपासून दिला जातो.

यांपैकी कोणताही ब्लॉक ड्यूराचे छिद्र बुजवीत नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. शरीर ते छिद्र स्वतः बुजवीपर्यंतचा काळ सुसह्य करणे, एवढेच त्यांचे उद्दिष्ट आहे.

कोचीतील आशा, डेन्मार्कमधील प्रश्न

नाकातून दिल्या जाणाऱ्या ब्लॉकचा एक भारतीय अभ्यास कोची येथील अमृता वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी केला. तो 2018 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया'त प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे वीस बाळंतिणींचा समावेश होता. एका गटाला शिरेतून पॅरासिटामॉल, तर दुसऱ्या गटाला दोन टक्के लिग्नोकेनचा ब्लॉक देण्यात आला. ब्लॉक मिळालेल्या बहुतेक स्त्रियांना पाच मिनिटांतच पुरेसा आराम पडल्याचे आढळले. रुग्ण थोडे असले तरी निष्कर्ष उत्साहवर्धक होता आणि अन्य ठिकाणांहूनही अशाच नोंदी येत होत्या.

मात्र या प्रकारच्या अभ्यासाची एक मर्यादा असते. कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्णाला आणि डॉक्टरांना ठाऊक असते. नाकातून काडी घालण्यासारखा नवा, काहीसा नाट्यमय उपचार झाला की त्यावर विश्वास बसून दुखणे कमी वाटू शकते. शिवाय हे दुखणे दिवसेंदिवस आपणहून ओसरणारे आहे. एखाद्या दिवशी ते सर्वाधिक असताना उपचार केला, तर उपचाराविनाही दुसऱ्या दिवशी ते थोडे कमीच असण्याचा संभव असतो. म्हणून खऱ्या औषधाची तुलना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या द्रावणाशी करावी लागते, आणि कोणत्या काडीवर काय आहे हे दोन्ही बाजूंपासून गुप्त ठेवावे लागते.

डेन्मार्कमधील संशोधकांनी नेमके हेच केले. 'ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया'त 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 40 रुग्ण होते. निम्म्यांना लिग्नोकेन आणि रोपिव्हाकेन यांचा ब्लॉक देण्यात आला, तर निम्म्यांच्या नाकात साध्या सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, भिजविलेला कापूस ठेवण्यात आला. अर्ध्या तासाने उभे राहिल्यावर किती दुखते, हे मोजण्यात आले. दोन्ही गटांत दुखणे लक्षणीय उतरले आणि दोन गटांमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा फरक आढळला नाही. दोन्ही गटांतील साधारण निम्म्या रुग्णांना पुढे ब्लड पॅचची गरज पडली नाही.

या निकालाचा अर्थ लावताना घाई होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. 'ब्लॉक निरुपयोगी' असा मथळा सहज देता येईल. पण चाचणीतील रुग्णांना आराम पडला होता, हे विसरता येत नाही. औषधाने तो आराम पडला असे सिद्ध झाले नाही, एवढेच त्यातून निघते. काडीच्या स्पर्शानेच काही परिणाम होत असेल, मनाच्या अपेक्षेने होत असेल, किंवा दुखणे आपोआप उतरत असेल. नाकाच्या अस्तरावर लावलेले औषध आतील गाठीपर्यंत खरोखर झिरपते का, अशी शंकाही काही तज्ज्ञांनी घेतली आहे. दुसरीकडे, 40 रुग्णांच्या चाचणीत लहानसा फरक निसटून जाऊ शकतो.

अनेक व्यावसायिक संघटनांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या दुखण्यावरील मार्गदर्शक सूचना 2023 मध्ये प्रसिद्ध केल्या. नाकातून दिला जाणारा ब्लॉक सर्रास वापरण्यास उपलब्ध पुरावा आधार देत नाही, असे त्यांत म्हटले आहे. डोक्याच्या मागे दिला जाणारा ब्लॉक मात्र, बारीक सुईने कण्यात भूल दिल्यानंतर झालेल्या डोकेदुखीत, देऊन पाहता येईल. परंतु बऱ्याच रुग्णांत दुखणे परत येते, याची जाणीव ठेवावी, असे मत नोंदविले आहे. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी वापरली जाणारी एपिड्युरलची जाड सुई चुकून ड्यूराच्या आत गेली, तर छिद्र मोठे असते. अशा निम्म्याहून अधिक स्त्रियांना डोकेदुखी होते आणि तेथे ब्लॉकवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. वेदनाशामकांनी आराम पडत नसेल आणि दैनंदिन व्यवहार अडत असतील, तर ब्लड पॅच हाच मुख्य उपचार राहतो.

सुईच्या टोकाचा मुद्दा

उपचारांच्या या चर्चेत प्रतिबंधाचा मुद्दा मागे पडतो, ही खेदाची बाब आहे. क्विंके यांच्या नावाने ओळखली जाणारी सुई धारदार टोकाची असते आणि आवरण कापत आत जाते. 1951 मध्ये व्हिटॅकर आणि 1987 मध्ये स्प्रॉट यांच्या नावाने पुढे आलेल्या सुया पेन्सिलीच्या टोकासारख्या असतात. त्या आवरणाचे तंतू बाजूला सारतात. 'द लॅन्सेट'मध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात 29 देशांतील 110 चाचण्या आणि 31,412 व्यक्ती यांची माहिती एकत्र करण्यात आली. धारदार सुईने 11 टक्के, तर पेन्सिल टोकाच्या सुईने 4.2 टक्के व्यक्तींना डोकेदुखी झाली. इतका स्पष्ट फरक कोणत्याही नर्व्ह ब्लॉकच्या अभ्यासात दिसलेला नाही.

असे असूनही आपल्याकडे अनेक ठिकाणी धारदार सुई वापरात आहे. पेन्सिल टोकाची सुई महाग पडते आणि ती सरावाने हाताळावी लागते, ही त्यामागील प्रमुख कारणे. सुईच्या किमतीचा हिशेब खरेदी विभागात होतो. ब्लड पॅचचा, लांबलेल्या मुक्कामाचा आणि बाळंतिणीच्या हालांचा हिशेब त्या वहीत येत नाही.

आणखी एक जुना समज येथे दूर करणे योग्य ठरेल. भुलेनंतर चोवीस तास उशी न घेता सपाट पडून राहावे, म्हणजे डोकेदुखी होत नाही, असे रुग्णांना अजूनही सांगितले जाते. कॉक्रेन संस्थेच्या 2016 मधील आढाव्यात अशा सक्तीच्या विश्रांतीने डोकेदुखी टळते, असे आढळले नाही. उलट, बाळंतपणानंतर फार काळ न हलता पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दुखणे सुरू झाल्यावर आडवे झाल्याने बरे वाटते, तेवढ्यापुरती विश्रांती घेण्यास हरकत नाही. पुरेसे पाणी, पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामके नियमित वेळाने, आणि पहिल्या चोवीस तासांत मर्यादित कॅफिन असा 2023 च्या सूचनांचा सल्ला आहे. स्तनपान देणाऱ्या मातांसाठी कॅफिनची दैनिक मर्यादा 200 ते 300 मिलिग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. चेन्नईत, जेथे सकाळ फिल्टर कॉफीनेच सुरू होते, तेथे कॅफिनचा सल्ला पाळण्यापेक्षा ही मर्यादा पाळणेच अधिक कठीण जावे.

भारतातील चाचण्यांची नोंद ठेवणारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री जुलै 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी बंधनकारक करण्यात आली. त्यामुळे एखाद्या अभ्यासात काय मोजायचे ठरले होते आणि प्रत्यक्षात काय छापले गेले, याची पडताळणी करता येते. नर्व्ह ब्लॉकच्या बाबतीत पुढील अभ्यास सलाइनशी तुलना करणारे आणि अधिक रुग्णसंख्येचे असणे आवश्यक आहे. एवढ्या मोठ्या संख्येने सिझेरियन होणाऱ्या देशात, अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन असा अभ्यास करणे अशक्य नाही.

तोवर रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे बाळंतपणानंतरची प्रत्येक डोकेदुखी सुईमुळे होत नाही. आडवे होऊनही न थांबणारे दुखणे, ताप, झटके, हातापायांत कमजोरी, धूसर दिसणे, गुंगी किंवा वाढलेला रक्तदाब यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार किंवा मेंदूतील शिरांत झालेली रक्ताची गुठळी ही त्यामागील कारणे असू शकतात, आणि त्यांवर ब्लॉक देऊन पाहण्यात घालविलेला वेळ परत मिळत नाही. उठता-बसता बदलणारी साधी डोकेदुखी असली, तरी ती भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळविली पाहिजे. ती पूर्ण थांबेपर्यंत रुग्णाशी संपर्क ठेवावा आणि घरी सोडताना कोणाला दूरध्वनी करायचा हे लिहून द्यावे, अशी अपेक्षा रुग्णालयांकडूनही आहे.